लोकशाहीर अण्णाभाऊ साठे : कष्टकऱ्यांच्या रोजच्या जगण्यातला कलावंत

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा कार्यकारिणीतल्या तरुण मंडळींनी आम्हालाही लिहायचा आग्रह केला. आम्ही काही लेखक नव्हेत. गिरणीत साच्यावर उभे राहून, पाळी सुटल्यावर युनियनच्या कचेरीत आणि रात्री चाळीच्या गॅलरीतल्या दिव्याखाली जेवढे वाचता आले, तेवढीच आमची शाळा. परंतु विषय कोणता घ्यायचा याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या जीवनावर लिहितो, असे आम्ही सांगून टाकले.

त्यावर एकदोघांनी हळूच विचारले, की अण्णाभाऊ तर लाल बावट्याचे. त्यांनी धम्मदीक्षाही घेतलेली नव्हती. मग विहाराच्या स्मरणिकेत ते कसे? विचारले हे बरेच झाले. कारण असले प्रश्न मनातल्या मनात ठेवूनच आपल्या लोकांनी महापुरुष वाटून घेतले आहेत. ह्यांचा फोटो ह्या वस्तीत, त्यांचा फोटो त्या वस्तीत, आणि मधे नाला. त्या प्रश्नाचे उत्तर अण्णाभाऊंच्या जीवनातच आहे, ते पुढे येईल.

आणखी एक कारण आहे. कला, संस्कृती असे शब्द निघाले, की आपल्या माणसाला वाटते ही आपली बाब नव्हे. कला म्हणजे नाट्यगृहातली, तिकीट काढून बघायची. संस्कृती म्हणजे शिकल्यासवरलेल्या लोकांची, पुण्या-दादरकडची. पण आमच्या आजीने जात्यावर दळताना जी गाणी म्हटली ती काय होती? गिरणीच्या दारात डफावर थाप पडली की डबा हातात घेऊन चालता माणूस थबकायचा, ते काय होते? रोजच्या जगण्यातून जे निघते आणि रोजचे जगणे ज्याने सोसवते, ती कलाच आहे. हे ज्याने आपल्या जगण्यातून दाखवून दिले, तो माणूस म्हणजे अण्णाभाऊ.

अण्णाभाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी, वाटेगाव येथे. हे गाव वाळवे तालुक्यातले, तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. आईचे नाव वालुबाई. मांग समाजातले घर. त्या काळी इंग्रज सरकारने अनेक जमातींना गुन्हेगार ठरवले होते. गावात कुठे चोरी झाली की पहिला हात मांगवाड्यावर. हजेरीचा जाच होता. माणूस जन्मतःच आरोपी, असा तो कायदा.

आता दुसरी बाजू बघा. हाच समाज दोरखंड वळायचा, केरसुण्या बांधायचा आणि हलगी, सनई वाजवायचा. गावात कुणाचे लग्न असो, जत्रा असो, पालखी असो, मांगाच्या हलगीशिवाय पाऊल पुढे पडत नव्हते. म्हणजे सगळ्या गावाचा आनंद ज्यांच्या हातातून वाजत होता, ती माणसे मात्र मांडवाच्या बाहेर उभी. कला पाहिजे, कलावंत नको. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण अण्णाभाऊंच्या आयुष्यात ती शेवटपर्यंत त्यांच्या मागे आली.

शाळेचे म्हणाल तर अण्णाभाऊ दीड दिवस शाळेत गेले असे सांगितले जाते. मास्तरांच्या माराने आणि अपमानाने ती शाळा सुटली ती कायमची. परंतु वाडीवस्तीवर, रानात, नदीकाठी त्यांचे दुसरे शिक्षण चालूच होते. दांडपट्टा, तलवारबाजी, पोवाडे, लावण्या, वग हे सगळे त्या वारणेच्या खोऱ्यातल्या हवेतच होते. जवळच्या नात्यातले बापू साठे यांचा तमाशा होता. पोर ऐकत होते आणि साठवत होते.

साधारण १९३१-३२ च्या सुमारास भाऊराव आपले कुटुंब घेऊन मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नाहीत, म्हणून पायी. वाटेत मिळेल ते काम करायचे, मिळेल ते खायचे, की पुन्हा चालायचे. आज पुण्याहून मुंबईला दोन-तीन तासांत येणाऱ्यांना हे कळायचे नाही. पण आपल्या कित्येकांचे आजे-पणजे असेच या शहरात आलेले आहेत. कोकणातून बोटीने, घाटावरून पायी किंवा मालगाडीच्या कडेने. मुंबई अशीच भरली.

मुंबईत भायखळ्याला राहून त्यांनी काय काय केले त्याची यादी मोठी आहे. हमाली केली, बूट पॉलिश केले, घरगडी झाले, फेरीवाल्याच्या मागे गाठोडे घेऊन फिरले. पुढे गिरणीत लागले. मोरबाग गिरणीचे नाव त्यांच्या चरित्रांत येते. म्हणजे ज्या भोंग्यावर आमचे वडील उठले, आम्ही उठलो, तोच भोंगा त्यांच्याही कानात होता.

आणि हे सारे करता करता ते वाचायला शिकले. कशावर शिकले? दुकानांच्या पाट्यांवर आणि सिनेमाच्या पोस्टरांवर! चरित्रकारांनी हे आवर्जून लिहून ठेवले आहे. शाळेने ज्याला बाहेर काढले, त्याला रस्त्याने शिकवले. आम्हाला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. पोस्टर लावणाऱ्याचा हेतू एवढाच, की बघणाऱ्याने तिकीट काढावे. अण्णाभाऊंनी त्यातून अक्षर काढून घेतले. समोर आलेली वस्तू ज्याने पाठवली त्याच्या हेतूने वापरायची की आपल्या कामाला लावायची, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

पुढे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांचे येणे-राहणे सुरू झाले. ही वस्ती म्हणजे कामगारांची, दलितांची, चळवळीची. तिथेच ते कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांत मिसळले. पत्रके वाटणे, भिंती रंगवणे, सभेच्या सतरंज्या घालणे, अशी कामे केली. त्यांनी तिथे पहिले गाणे कशावर रचले असेल? देवावर नाही, राजावर नाही, बाईच्या रूपावर नाही. लेबर कॅम्पातल्या मच्छरांवर! दिवसभर खपून आलेल्या माणसाला रात्री मच्छर झोपू देत नव्हते, म्हणून मच्छरावर गाणे. ऐकणारे हसले असतील, परंतु त्या हसण्यात गटारे कोण बांधत नाही, दिवाबत्ती कोण देत नाही, हा सवालही आलाच. आपल्या अंगाला जे चावते त्यावर गाणे रचता येते, हे ज्या दिवशी कष्टकऱ्याला कळते, त्या दिवशी तो नुसता ऐकणारा राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. कुठे वाटेगाव आणि कुठे ते स्टालिनग्राड! पण फॅसिझमविरुद्ध लढणारा तिथला साधा माणूस त्यांनी डफ-तुणतुण्यावर मुंबईच्या कामगारापुढे उभा केला. बंगालच्या दुष्काळावर त्यांनी पोवाडा केला. अमळनेरला गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, त्या हुतात्म्यांवर केला. फाळणीच्या वेळच्या दंग्यांवर केला. ज्याच्या घरी पेपर येत नव्हता आणि आला तरी वाचता येत नव्हता, त्याला दुनियेची खबर शाहीर देत होता. रेडिओ तेव्हा मोठ्यांच्या दिवाणखान्यात होता. गरिबाचा रेडिओ म्हणजे शाहीर.

१९४४ साली अण्णाभाऊ, शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गव्हाणकर या तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख बार्शीचे, मुसलमान घरातले, आवाज असा की लाऊडस्पीकर नको. गव्हाणकर शिकलेले. आणि अण्णाभाऊ मांगवाड्यातले. हे तिघे एका फळीवर उभे राहिले हीच केवढी मोठी गोष्ट. या कलापथकाने गिरणगाव, शेतकऱ्यांच्या परिषदा, संपाची मैदाने पालथी घातली. ना पडदा, ना रंगीत दिवे. चार बाकडी जोडली की रंगमंच झाला.

यातच अण्णाभाऊंनी तमाशाला नवे रूप दिले. ते कसे, हे तरुणांना कळावे म्हणून थोडक्यात सांगतो. जुन्या तमाशात आधी गण, म्हणजे गणपतीचे स्तवन, मग गौळण, म्हणजे कृष्ण आणि गवळणींची छेडछाड, मग बतावणी, आणि मग वग. वगात बहुधा राजा, राणी, प्रधान. अण्णाभाऊंनी गणात देवाऐवजी मायभूमीला, हुतात्म्यांना आणि राबणाऱ्या माणसाला वंदन केले. गौळणीतली बाईची टवाळी काढून टाकली. आणि वगात राजाच्या जागी सावकार, शेठजी, पुढारी आणि त्यांच्यासमोर शेतकरी-कामगार आणून उभे केले. मात्र सोंगाड्या ठेवला, ढोलकी ठेवली, हजरजबाबी बोलणे ठेवले. म्हणजे लोकांची हाडे-मांस तेच, फक्त डोके जागे केले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचं इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा' ही नावे वाचली तरी कळते, की रोख कोणाकडे होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. अश्लील आहे असे कारण दिले. पुढे बंदी उठली तीही अटी घालून, संहिता आधी तपासून. तमाशात वाईट काहीच नव्हते असे आम्ही म्हणत नाही. परंतु हजारो कलावंतांची चूल त्या ढोलकीवर पेटत होती आणि ते बहुतेक महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतले होते. बंदी घालणाऱ्यांनी त्यांच्या पोटाचा विचार केला नाही. अण्णाभाऊंनी मग आपल्या खेळांना लोकनाट्य म्हटले आणि खेळ चालू ठेवला. आज मोठमोठ्या नाट्यगृहांत लोकनाट्य हा शब्द प्रतिष्ठेने घेतला जातो. त्या शब्दामागे बंदीच्या काळात पोटासाठी आणि विचारासाठी झगडणारी माणसे उभी आहेत, हे कुणी सांगत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर अण्णाभाऊंच्या लेखणीला धार चढली. 'माझी मुंबई' या लोकनाट्यात त्यांनी मुंबई कुणाची हा सवाल टाकला. ज्यांनी पैसा लावला त्यांची, की ज्यांनी घाम गाळला त्यांची? आणि 'माझी मैना' ही त्यांची छक्कड तर घराघरात पोचली. पोटासाठी मुंबईला आलेला एक गडी गावाकडे राहिलेल्या आपल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो, एवढीच आधी गोष्ट. प्रत्येक गिरणी कामगाराची तीच गोष्ट होती. खानावळीत जेवणारा, दहा-पंधरा जणांच्या खोलीत झोपणारा, वर्षातून एकदा गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाणारा. पण गाणे पुढे सरकते आणि ती ताटातूट बेळगाव-कारवारपासून तुटलेल्या महाराष्ट्राची होऊन जाते. नवरा-बायकोच्या विरहातून राजकारण समजावून सांगायचे! दहा व्याख्यानांनी जे झाले नसते, ते एका छक्कडीने केले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यात या शाहिरांच्या घशाचा वाटा मोठा आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला जेमतेम सव्वा वर्ष झालेले. त्या संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर तोललेली आहे ही पुराणातली समजूत त्यांनी तिथे मोडून काढली आणि ती दलितांच्या, कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे असा विचार मांडला. दुसऱ्याच वर्षी, १९५९ साली, 'फकिरा' ही त्यांची कादंबरी प्रसिद्ध झाली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लढाऊ लेखणीला अर्पण केली. 'सापळा' या कथेत त्यांनी मेलेली जनावरे ओढायला नकार देणाऱ्या महार वस्तीची गोष्ट सांगितली. बाबासाहेबांवर त्यांनी रचलेले गीत आजही प्रत्येक भीमजयंतीला कुठे ना कुठे म्हटले जातेच. ते म्हणताना कोणी विचारत नाही, की कवी कोणत्या पक्षाचा आणि कोणत्या जातीचा. मग लेख लिहिताना का विचारावे? मार्क्सच्या वाटेने निघालेला हा माणूस आपल्या अनुभवाने बाबासाहेबांपाशी पोचला. त्याने पक्ष सोडला की नाही, दीक्षा घेतली की नाही, हे मोजत बसण्यापेक्षा त्याने आपले सर्वांत मोठे पुस्तक कोणाच्या पायाशी ठेवले ते बघावे.

'फकिरा'बद्दल दोन शब्द. फकिरा हा काल्पनिक वीर नव्हे. वारणेच्या खोऱ्यात इंग्रजी अमलाविरुद्ध उभा राहिलेला, दुष्काळात माणसे जगवण्यासाठी लूट करणारा तो मांग समाजातला पुरुष होता. अण्णाभाऊंचा जन्म झाला तेव्हा फकिराने बाळंतिणीसाठी दोन ओंजळी रुपये दिले, अशी आठवण त्यांच्या घरात सांगितली जात होती. सरकारच्या दप्तरात तो दरोडेखोर. मांगवाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तो आपला माणूस. अण्णाभाऊंनी दप्तरावर विश्वास ठेवला नाही, म्हाताऱ्यांवर ठेवला. चुलीपुढे सांगितलेली गोष्ट त्यांनी साहित्यात नेली. वि. स. खांडेकरांसारख्या नामवंत लेखकाने तिला प्रस्तावना लिहिली आणि १९६१ साली राज्य शासनाने तिला पुरस्कार दिला. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी कोणी लिहून घेतल्या आहेत का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

अण्णाभाऊंच्या कथांपैकी 'स्मशानातील सोनं' ही कथा आमच्या काळजाला लागलेली आहे. भीमा नावाचा धिप्पाड गडी मुंबईच्या उपनगरात खाणीत दगड फोडत असतो. एके दिवशी खाण बंद पडते. घरात बायको, लेकरू. काम कुठेच नाही. मग तो रात्री स्मशानात जाऊन राख चाळू लागतो, प्रेते उकरू लागतो, मेलेल्यांच्या अंगावरचे गुंजभर सोने काढून पोट भरू लागतो. शेवटी एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात, हाताची दैना होते. ज्या हातांनी डोंगर फुटायचा ते हात निकामी. आणि तेव्हाच बातमी येते, की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली!

ही कथा आम्ही वाचली तेव्हा आमची गिरणी बंद पडलेली होती. १८ जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. वडिलांचे ते दिवस डोळ्यांनी पाहिले. पुढे आम्ही स्वतः बदली म्हणून लागलो, कायम झालो आणि टाळे लागलेलेही पाहिले. साच्यावर ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता अशी माणसे नंतर वॉचमन झाली, भाजी विकू लागली, काही बाटलीत बुडाली. ती स्मशानात गेली नाहीत एवढेच. भीमाला अण्णाभाऊ कुठेही नावे ठेवत नाहीत. त्याला स्मशानात कोणी पाठवले, एवढाच सवाल ते वाचणाऱ्यापुढे ठेवतात. आमच्यासारख्याला त्या कथेने जो आधार दिला तो कुठल्या अर्जाने, कुठल्या साहेबाने दिला नाही. आपले दुःख आपल्या एकट्याचे नाही, ते कुणीतरी आधीच ओळखून लिहून ठेवले आहे, हा आधार. साहित्य कशासाठी असते म्हणून कोणी विचारले तर आम्ही एवढेच सांगू.

सुमारे ३५ कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे, लावण्या, गाणी आणि एक प्रवासवर्णन एवढे काम त्यांनी पन्नाशीही न गाठता केले. १९६१ साली ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. ज्या पोराने मुंबईचा रस्ता पायी तुडवला, तो विमानातून मॉस्कोला उतरला. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. 'वैजयंता', 'फकिरा', 'डोंगरची मैना', 'वारणेचा वाघ' ही नावे जुन्या मंडळींना आठवत असतील. ज्याने सिनेमाच्या पोस्टरवर अक्षरे गिरवली, त्याच्याच गोष्टींची पोस्टरे भिंतींवर लागली.

आणि तरीही? अण्णाभाऊ बरीच वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीतच राहिले. तिथेच लिहिले. शेवटी शेवटी गोरेगावला घर मिळाले, पण तोवर शरीर आणि मन दोन्ही थकले होते. गरिबी, एकाकीपणा, व्यसन यांनी घेरले. व्यसनाचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. महापुरुषाला धुऊन-पुसून उभा करण्याने त्याचे भले होत नाही, आणि पंचशील घेणाऱ्या आपल्या तरुणांनी हेही वाचले पाहिजे. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. एकोणपन्नास वर्षे पुरी व्हायला चौदा दिवस कमी होते. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, २९ ऑगस्टला, अमर शेखही गेले. मराठी कष्टकऱ्यांचे दोन आवाज एकाच पावसाळ्यात थांबले.

मांडवाबाहेर उभ्या असलेल्या हलगीवाल्याची गोष्ट आम्ही वर सांगितली होती. तीच इथे पुन्हा दिसते. पडद्यावर गोष्ट अण्णाभाऊंची, टाळ्या प्रेक्षकांच्या, गल्ला दुसऱ्याचा, आणि लिहिणारा झोपडीत. मेल्यानंतर मात्र मान मिळाला. १९८५ साली त्यांच्या नावाचे विकास महामंडळ निघाले. १९९८ साली त्यांचे निवडक वाङ्मय शासनाने प्रसिद्ध केले. २००२ साली टपाल तिकीट निघाले. २०२० साली जन्मशताब्दी झाली आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. हे सारे चांगलेच झाले. पण पुतळ्याला भूक लागत नाही. आज आपल्या वस्तीत जो कोणी पोरगा गाणे रचतो, जी मुलगी चित्र काढते, जो म्हातारा ढोलकी वाजवतो, त्यांच्या भाकरीचे काय, हा प्रश्न अण्णाभाऊ आपल्यासाठी ठेवून गेले.

आता शेवटचा मुद्दा. पूर्वी चाळीचाळीत कलापथक होते, भजनी मंडळ होते, भीमराव कर्डकांच्या काळापासून चालत आलेली आंबेडकरी जलशाची परंपरा होती, गायन पार्ट्यांचे सामने रात्र-रात्र रंगत. गिरण्या गेल्या, त्या जागेवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. माणसे पांगली, तशी ही मंडळेही मोडली. आज जयंतीला डीजे येतो. हजारो रुपये भाडे मोजायचे, भिंती हादरवायच्या, शब्द कुणाला ऐकू जात नाहीत. घरात टीव्हीवर मालिका चालू असते, तिच्यात स्वयंपाकघर एवढे मोठे की त्यात आपली अख्खी खोली मावेल. आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. बोट वर सरकवले की नवे चित्र, पुन्हा सरकवले की आणखी नवे. संबंध दिवस दुसऱ्याचे जगणे बघण्यात जातो. आपल्या जगण्यावर आपण काही म्हणायचे असते, हेच विसरायला होते.

आम्ही मोबाईलच्या विरोधात नाही. तसे असते तर अण्णाभाऊंचे नाव घेण्याचा आम्हाला अधिकार राहिला नसता. ज्याने सिनेमाच्या पोस्टरातून अक्षर काढून घेतले, तो आज असता तर त्याने त्याच मोबाईलवर वस्तीतल्या तुंबलेल्या गटाराचा पोवाडा करून साऱ्या मुंबईला ऐकवला असता. वस्तू वाईट नसते. तिच्यापुढे बसून राहायचे की तिला कामाला लावायचे, एवढेच ठरवायचे असते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची विहाराच्या कार्यकारिणीला आणि सर्व उपासक-उपासिकांना नम्र विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढावा आणि अण्णाभाऊंची एक कथा कुणीतरी मोठ्याने वाचावी. वाचणारा अडखळला तरी चालेल. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग डीजेऐवजी ढोलकी, डफ, पेटी घेण्यासाठी ठेवावा आणि ती शिकवणाऱ्या वस्तीतल्याच कलावंताला रीतसर मानधन द्यावे. फुकट वाजवून घेऊ नये. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना जी जात्यावरची आणि बाबासाहेबांची गाणी पाठ आहेत, ती मुलांनी मोबाईलवर भरून घ्यावीत आणि वहीत उतरवावीत. त्यांच्यामागे ती गाणी कुठल्याच कपाटात सापडायची नाहीत. आणि १ ऑगस्टला नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बांधवांना विहारात बोलवावे किंवा आपण तिकडे जावे.

अण्णाभाऊंना शाळेने नाकारले, सरकारने अडवले, धंद्याने वापरून घेतले. लोकांनी मात्र त्यांना तोंडपाठ केले. पुढच्या वर्षी याच विहाराच्या स्मरणिकेत वस्तीतल्या एखाद्या पोरा-पोरीचे स्वतःच्या जगण्यावर रचलेले गाणे छापून यावे, एवढी एकच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम!